भिंतीतली कवळी

"हा तूच पाडलास, आता तूच बसव," असं आनाक्लेतो ताय्पे म्हणाला तेव्हा नेमेसिओ आंकाय्याचा अंगठा त्याच्या तोंडात होता. शब्द अंगठ्याच्या कडेने, थुंकीबरोबर बाहेर आले. अंगठा दुसऱ्याच्या तोंडात असताना आपण चकित व्हायचं नाही, असा नेमेसिओचा धंद्यातला नियम होता. गिऱ्हाईक दचकतं आणि चावतं. म्हणून त्याने आधी हिरडी दाबून पाहिली, वरच्या सुळ्याशेजारची मोकळी जागा नखाने मोजली, अंगठा बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि मगच विचारलं, "कधी पाडला मी?"

"गेल्या नाताळात. वर, इंकाकांचात. विसरलास? डाव्या हाताचा दिलास. मी म्हटलं, वा, शहरात राहून गडी मऊ झालेला नाही."

"मी?"

"नाही, तुझी आजी." आनाक्लेतो खुर्चीत ऐसपैस बसला होता. वर्षभर मक्याच्या, बटाट्याच्या मागे लागून त्याला कुस्कोला यायला सवड झाली नव्हती. आता डिसेंबर उजाडला, पुढची मारामारी तोंडावर आली, म्हणून तो मागच्या मारामारीचा दात बसवायला आला होता. "हे बघ मास्तर, तू करून दिलेले ते खालचे दात बोलताना टकटक वाजायचे. गावाच्या बैठकीत मी पाण्यावरून हरकत घ्यायला उठलो की लोक आधीच हसायला लागायचे. म्हणून तुला हाक दिली. तू आलास. मी मारलं, तू मारलंस, मिठी मारली, संपलं. टकटकीबद्दल आता माझ्या मनात काही नाही. वाजतात तर वाजू देत. पण हा एक नवा पडला ना."

नेमेसिओने मेण तापवायला ठेवलं. मी अकरा वर्षं गावाकडे गेलेलोच नाही, हे वाक्य त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण समोर आनाक्लेतोचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्यावर तक्रार नावाला नव्हती. पंधरा वर्षांच्या धंद्यात तक्रार नसलेलं गिऱ्हाईक नेमेसिओ पहिल्यांदाच पाहत होता. त्याने वाक्य गिळलं, माप घेतलं आणि पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं. आनाक्लेतो जिन्यावरून उतरताना मागे वळून म्हणाला, "या वर्षी तुझ्यासाठी तिघं-चौघं तयार आहेत हां. वास्केसची बायको तर केव्हाची म्हणतेय, तोंड धुऊन ये."

नेमेसिओच्या गावाकडचे लोक नाताळ एकमेकांच्या तोंडावर साजरा करतात. वर्षभराचा राग, जमिनीचा, मेंढीचा, बायकोचा, कुणी मरताना कुणी आलं नाही त्याचा, सगळा साठवून ठेवायचा आणि पंचवीस तारखेला मुखवटे घालून डोंगरावर इंकाकांचात, म्हणजे इंकांच्या पडक्या अंगणात, जाऊन ज्याचा त्याला मोजून द्यायचा. नाव घेऊन हाक द्यायची. ज्याला हाक येते तो पुढे होतो. खाली पडलेल्याला मारायचं नाही, आधी मिठी, शेवटी मिठी. त्यामुळे जानेवारी हा नेमेसिओचा हंगाम असे. सान पेद्रो बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या त्याच्या माडीवर पुकारुमी गावची सगळी तोंडं एकामागून एक येऊन आ वासत, आणि सुजलेल्या ओठांमधून आपापल्या शत्रूंबद्दल अतिशय प्रेमाने बोलत. तो ऐकून घेई. गावाकडच्या बातम्या त्याला नेहमी मोडलेल्या दातांतूनच कळल्या होत्या. पण आपण स्वतः त्या बातम्यांत आहोत हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, बहुधा त्याला ते ठाऊक असणारच असं धरून.

गावाचा दुसरा नियम असा की ज्याचं नाव लागोपाठ तीन नाताळ त्या अंगणात घेतलं गेलं नाही, किंवा घेतलं आणि कुणी पुढे आलं नाही, तो मेला असं धरायचं. मग पाण्याच्या पाळीतून त्याचं नाव जातं, लग्नाला बोलावणं जात नाही, त्याच्या वाट्याची चिचा, म्हणजे मक्याची दारू, जमिनीवर ओततात. नेमेसिओने आपल्याला आठ वर्षांपूर्वीच मेलेला धरून टाकलं होतं. त्याचं काही फार वाईट वाटत नसे. मेलेल्या माणसाला असतं ते सगळं सुख त्याला होतं: कुणी काही मागत नव्हतं, कुणी वाट पाहत नव्हतं. आणि आता कळत होतं की वर डोंगरात कुणीतरी एक जण नेमेसिओ आंकाय्या म्हणून दर वर्षी पुढे होतो, मार खातो, मार देतो, मिठ्या मारतो. त्याचं आयुष्य कुणीतरी उचलून नेलं होतं आणि वर त्याच्यापेक्षा चांगलं वापरलं होतं. मेण उतू गेलं. त्याने ते तसंच बोटांनी पुसलं आणि चटका बसल्यावर त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी घरी जाताना तो नेहमीच्या गल्लीतून गेला. तिथे इंकांची भिंत आहे आणि तिला परदेशी लोक कपाळ टेकून उभे असतात. असं केल्याने काहीतरी अंगात शिरतं म्हणे. नेमेसिओला त्या भिंतीचा लहानपणापासून राग होता, आणि दात करायला लागल्यापासून तो वाढला होता. माणसाएवढाले दगड, एकाला बारा कोपरे तर दुसऱ्याला नऊ, मध्ये चुना नाही, माती नाही, सुरीचं पातं जायला फट नाही. त्याला एकच प्रश्न पडे: यांनी माप कसं घेतलं? दगड चावत नाही, दुखतंय म्हणून सांगत नाही. त्याने आयुष्यात पहिली कवळी केली ती आईची. वरची, पूर्ण. सहा वेळा घासली तरी डावा सुळा लांबच राहिला आणि टाळूकडे नेहमी फट. आई म्हणाली, "छान आहे, अगदी माझीच वाटते," आणि तो कुस्कोला परतला की काढून वाटीत ठेवायची. तो येणार असला म्हणजे घालायची. बोलताना ती वर-खाली हलायची, म्हणून तो असेपर्यंत आई गप्प राहायची. पुढे पुढे आपण घरी गेलो की आई बोलतच नाही असं त्याला वाटायला लागलं, आणि त्याचा त्याला राग यायचा. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा तो बसच्या अड्ड्यापर्यंत गेला होता. तिथे बाकावर बसला. तिला कवळी घालून पुरतील की न घालता, एवढाच विचार त्याच्या डोक्यात फिरत राहिला. घालून पुरली तर तोंड नीट मिटणार नाही आणि न घालता पुरली तर सगळं गाव बघेल. दोन बस सुटल्या. तिसरी सुटली. मग त्याने गावच्या एकुलत्या फोनवर थोरल्या भावाला निरोप ठेवला की नदीने रस्ता नेला, गाडी अडकली. त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, कुस्कोतही आणि बहुधा तिकडेही.

थोरला भाऊ सातुर्निनो यावर काहीच बोलला नव्हता. अकरा वर्षं बोलला नव्हता.

आपलं नाव चालवणाऱ्याला वर जाऊन गाठायचं ठरवून चोवीस तारखेला सकाळी नेमेसिओ बाजारात मुखवटा भाड्याने घ्यायला गेला. लोकरीचा, फक्त डोळे आणि तोंड उघडं राहील असा मुखवटा मिळाला, मांडीवर बांधायचं चामडं मिळालं. पण डोक्यावर काहीतरी मेलेलं जनावर लागतं, वाळवलेला ससाणा, कोल्ह्याचं डोकं, निदान एखादं घुबड, आणि ते सगळं महिन्याभरापूर्वीच लोकांनी नेलं होतं.

"कोंबडी आहे," दुकानदारीण म्हणाली.

"कोंबडी?"

"वाळवलेली आहे. डोळे काचेचे आहेत. जवळून पाहिलं तरच कळतं."

"मला माणसाच्या जवळच जायचं आहे, बाई."

"मग लवकर मार, म्हणजे तो बघत बसणार नाही."

कोंबडी पिशवीत घालून तो बसमध्ये बसला. शेजारी लिमाची एक बाई होती, गळ्यात चार-पाच दगडांच्या माळा. ती इंकांच्या पडक्या जागा हिंडत होती आणि प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून बसत होती. नोकरी सोडली होती, नवराही जवळपास सोडला होता. इंकाकांचाचं नाव तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. गाडी घाटाला लागल्यावर तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्हीपण आतल्या शोधासाठी?"

"मला एकाला मारायचं आहे."

बाईने बराच वेळ मान हलवली. "आतल्या कुणाला तरी ना?"

नेमेसिओने विचार केला. "हो," तो म्हणाला. "साधारण आतलाच आहे."

"मला वाटलंच," बाई म्हणाली आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला. पिशवीतून कोंबडीचा एक काचेचा डोळा तिच्याकडे बघत होता.

मग पठार सुरू झालं, पिवळं गवत, वारा, आणि खिडकीतून तो उतार दिसला. त्याच किंवा तसल्याच उतारावर नऊ वर्षांचा नेमेसिओ लामांच्या कळपामागे गोफण घेऊन उभा होता. डावखुरा होता, आई म्हणे, याची गोफण उलटी फिरते, याच्या समोर उभं राहू नका आणि मागेही राहू नका. सातुर्निनो बाजूला उभा होता. दगड सुटला तो सरळ त्याच्या उजव्या कानावर. आवाज अजून नेमेसिओच्या दातांत होता, ओलं मडकं फुटल्यासारखा. सातुर्निनो खाली बसला, कानातून मानेवर, मानेवरून अंगावरच्या लोकरी पाँचोत रक्त उतरत राहिलं, आणि नेमेसिओला आठवत होतं की आपल्याला भीती वाटली नव्हती, राग आला होता. हा इथे का उभा राहिला? घरी गेल्यावर सातुर्निनोने सांगितलं, लामाने लाथ मारली. आईने त्या लामाला दोन दिवस उपाशी ठेवलं. कान गेला तो गेलाच. तेव्हापासून सातुर्निनो ऐकताना डावा कान पुढे करून मान तिरपी धरायचा, जणू समोरचा काय बोलतो यावर त्याचा कधीच पूर्ण विश्वास बसत नाही. तो लामा मोठा होईपर्यंत नेमेसिओ त्याला जाता-येता लाथ मारत असे.

तालुक्याच्या गावी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तो ट्रकने आणि मग पायी वर निघाला. सगळा डोंगर बोलत होता. वाटेने मुखवटे घातलेली माणसं चढत होती, आपला आवाज ओळखू येऊ नये म्हणून चिरक्या, बायकी आवाजात गात होती, एकमेकांना आयमाईवरून शिव्या देत होती आणि एकाच बाटलीतून पीत होती. नेमेसिओने झऱ्यापाशी मुखवटा चढवला आणि कोंबडी डोक्यावर बांधली. पहिल्या चढावर एकाने मागून म्हटलं, "अरे, हा अंडी द्यायला आलाय." दुसरा म्हणाला, "हसू नका, खुडूक कोंबडी वाईट चावते." वर पोचेपर्यंत त्याचं नाव कोंबडी पडलेलं होतं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं गेलं. आपलं नाव कुणीतरी नेलं असताना निदान एक कामचलाऊ नाव तरी मिळालं.

इंकाकांचा तसंच होतं. तीन बाजूंना भिंती, चौथी कधीतरी दरीत गेलेली. भिंतीत ओळीने कोनाडे, खाली रुंद, वर निमुळते, आणि दगडाला दगड असा भिडलेला की बघूनच नेमेसिओची दातखिळी बसली. अंगणाची जमीन शतकानुशतकं लोकांनी पडून पडून टणक केली होती. मध्यभागी म्हातारा सेवेरो कोरोपुना चाबूक घेऊन उभा होता. भांडण सोडवणं हे त्याचं काम. तीस वर्षं तो ते करत होता आणि त्यासाठी त्याने स्वतः कधी कुणाशी भांडण ठेवलं नव्हतं. प्रत्येकाचे हात तो उलटेपालटे करून पाही, अंगठी नाही, मुठीत दगड नाही.

"बोटं मऊ आहेत," तो नेमेसिओला म्हणाला. "कोंबडीसारखी."

नेमेसिओने चिरक्या आवाजात, वडीलधाऱ्याला मारतात तशी हाक मारली. "तायता, तो सातुर्निनो आंकाय्या कुठे दिसत नाही?"

"तो येत नाही. अकरा वर्षं झाली. या दिवशी त्याच्या पोटात दुखतं." म्हाताऱ्याचा चेहरा समोरच्या भिंतीसारखा होता, कुठेही फट नाही. "पण त्याचा धाकटा येतो, नेमेसिओ. खास कुस्कोहून येतो. एक नाताळ चुकवत नाही. चांगला माणूस."

"कसा मारतो?"

"डाव्या हाताने. वाईट मारतो. जास्त करून हरतो." म्हाताऱ्याने त्याचे हात सोडले. "तक्रारी फार आहेत त्याच्यावर. दात नीट करत नाही."

नेमेसिओने डोक्यावरची कोंबडी पुन्हा घट्ट बांधली.  सातुर्निनो उजव्या हाताचा होता. उजव्या हाताने एका फटक्यात मेंढा आडवा करायचा. असं असताना एखादा माणूस अकरा वर्षं डाव्या हाताने मार खातो, हा विचार पूर्ण करायची त्याला इच्छा नव्हती, आणि विचार पूर्ण न करण्याची सोय समोर भरपूर होती. दोन मेहुणे एकमेकांना भिडले होते. एकाच्या नाकाचं हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. मग दोन बायका आल्या, झगे खोचले, वेण्या एकमेकींच्या मुठीत, एक गाय कुणाच्या कुरणात गेली यावरून. ठोशाठोशाला धूळ उडत होती. एकीचा ओठ फाटून लोंबायला लागला तेव्हा सेवेरोने चाबूक हवेत फोडला, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या मोठ्याने रडल्या की पुढच्या जोडीला थांबावं लागलं. रक्त जमिनीवर पडत होतं, जमीन ते लगेच पीत होती. लिमाची बाई एका कोपऱ्यात भिंतीला कपाळ टेकून डोळे मिटून बसली होती. कुणीतरी तिच्या खांद्यावर उपरणं टाकलं होतं, वारा लागू नये म्हणून.

नेमेसिओ मध्ये गेला. त्याने ओरडायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदा त्यातून काहीच आलं नाही. स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायची माणसाला सवय नसते.

"मला नेमेसिओ आंकाय्या पाहिजे!" तो चिरक्या आवाजात किंचाळला.

गर्दीतून कुणी हसलं नाही. दरीच्या बाजूने एक जण उठला. त्याच्या डोक्यावर ससाणा होता, पंख पसरलेला, चांगल्यापैकी झिजलेला. तो सावकाश चालत आला, जसा माणूस रोजच्या कामावर जातो. सेवेरोने दोघांना मिठी मारायला लावली. मिठीत लोकरीचा, धुराचा आणि मेंढ्यांचा वास होता, आणि नेमेसिओने तो वास ओळखला नाही, असं त्याने ठरवलं.

पहिला ठोसा कुणी मारला ते नंतर कुणालाच सांगता आलं नसतं, कारण दोघांचेही पहिले ठोसे हवेत गेले. समोरचा डाव्या हाताने मारत होता आणि डावा हात त्याचा नव्हता. नेमेसिओ ओळखू येऊ नये म्हणून उजव्या हाताने मारत होता आणि उजवा हात त्याचा नव्हता. दोघं एकमेकांभोवती फिरत, उसन्या हातांनी एकमेकांचे खांदे, कोपरे, डोक्यावरची जनावरं बडवत राहिले. ससाण्याचा एक पंख गेला. कोंबडीची पिसं उडून लोकांच्या चिचेत पडली. "कोंबडी, चोच मार!" कुणीतरी ओरडलं. सेवेरो पुटपुटला, "तीस वर्षांत इतकी घाण मारामारी मी पाहिली नाही." मग एक ठोसा चुकून बसला. नेमेसिओच्या गालफडावर बसला, आणि त्याला मुळापासून हललेली दाढ जिभेला लागली, खारट, कोमट. त्याने लाथ घातली. ती समोरच्याच्या बरगडीवर गेली आणि आतून सुक्या लाकडाचा आवाज आला. गर्दीतून कुणीतरी नाव घेऊन ओरडलं, "नेमेसिओ, वर बघ!" आणि समोरच्याने, नीट ऐकू यावं म्हणून, डावा कान पुढे करत मान तिरपी केली.

आता ठरवण्यासारखं काही राहिलं नाही. नेमेसिओला वाटलं होतं की असं काही कळलं तर आपले हात गळून पडतील. पण आला तो राग. नऊ वर्षांचा होता तेव्हा आला होता तोच, तसाच ताजा. हा इथे का उभा राहिला? दगड माझा, लामाला लाथा मी मारल्या, कवळी मी वाईट केली, बाकावर मी बसलो, आणि प्रत्येक वेळी हा मध्ये येऊन उभा राहतो, कुणी सांगितलं होतं? उजवा हात बाजूला राहिला. डावा सुटला, उलट्या फिरणाऱ्या गोफणीसारखा, सरळ तोंडावर. सातुर्निनो मागे गेला, परत आला. पुन्हा. पुन्हा. मुखवट्याच्या तोंडाच्या भोकातून रक्त लाळेसारखं लोंबायला लागलं आणि तरी तो हात खाली घेईना, तो वेडा डावाच हात पुढे करत राहिला. मग त्याने डोकं खाली घालून नेमेसिओच्या छातीवर धडक दिली, आणि दोघं जाऊन भिंतीवर आदळले.

नेमेसिओचं डोकं दगडावर आपटलं. आवाज दुरून आला. तो घसरून गुडघ्यांवर आला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर एक कोनाडा होता. कोनाड्यात कोकाची पानं होती, विझलेली मेणबत्ती होती, दारूची छोटी बाटली होती आणि एक वाटी. वाटीत कवळी होती. वरची, पूर्ण. डावा सुळा लांब.

खाली पडलेल्याला मारत नाहीत, त्यामुळे त्याला बघायला वेळ मिळाला. म्हणजे आईला न घालताच पुरलं होतं. आणि मग कवळी इथे आणून ठेवली होती, तिला मारामारी बघायची हौस होती म्हणून. अकरा नाताळ ती इथून बघत होती, धाकटा कसा येतो, चुकवत नाही, डाव्या हाताने मार खातो. प्लास्टिक उन्हाने पिवळं पडलं होतं. ज्या भिंतीत सुरीचं पातं शिरत नाही त्या भिंतीत त्याची ती हलणारी, वाजणारी, फट असलेली कवळी कुणीतरी बसवली होती, आणि ती बसली होती. शेजारी एक मुंगी सुळ्यावर चढून उतरत होती. रक्त डोळ्यात गेल्यामुळे त्याला एकीऐवजी दोन मुंग्या दिसल्या.

"कोंबडी," सेवेरो वरून म्हणाला, "उठतोस की संपलं?"

तो उठला. सातुर्निनो समोर हात वर करून उभा होता, डावा पुढे. नेमेसिओने हात खाली सोडले आणि त्याच्यावर जाऊन पडला. चाबूक हवेत फुटला. मिठी घट्ट होती, दोघांच्याही बरगड्या दुखत होत्या, म्हणून दोघंही कण्हत होते.

"मिटलं?" सातुर्निनोने कानाशी विचारलं, त्याच चिरक्या आवाजात. तो अजून नेमेसिओच होता. "काय राग होता तुझा माझ्यावर, कोंबडी?"

"आईला पोचवायला नेमेसिओ आला नाही," नेमेसिओ म्हणाला. आवाज चिरका ठेवायला त्याला फार कष्ट पडले.

मिठीतलं अंग जरासं ताठ झालं. मग कान आणखी जवळ आला आणि मुखवट्यातून घाईघाईने उत्तर आलं, अनेकदा दिलेलं असावं असं. "येत होता ना. निघाला होता तो. नदीने रस्ता नेला त्या दिवशी. अलीकडच्या काठावर दोन दिवस बसून होता बिचारा. उपाशी."

उपाशी असल्याचं नेमेसिओने निरोपात सांगितलं नव्हतं. दोन दिवसांचंही सांगितलं नव्हतं. ते सातुर्निनोने नंतर भरलं होतं, एखाद्या हलणाऱ्या दाताखाली मेण भरावं तसं, खोटं जागेवर नीट बसावं म्हणून. नेमेसिओला बोलायचं होतं, पण तोंडात सुटलेली दाढ होती. त्याने मग एवढंच केलं जे त्याला येत होतं. मुखवट्याच्या भोकातून डावा अंगठा भावाच्या तोंडात घातला आणि वरच्या हिरडीवरून हळूहळू फिरवला. पहिला नाही. दुसरा नाही. तिसरा, चौथा नाही, जुनी, भरून आलेली जागा. खालचे दोन नाहीत. एक आजचा, अजून गरम. कुठलं भोक कुणाच्या तक्रारीचं ते त्याला ओळखता येईना, पण सगळ्या तक्रारी त्याच्या होत्या. एवढं सगळं पडलं आणि हा माणूस कधी जिना चढून आला नाही. अंगठा तोंडात असताना चकित व्हायचं नाही, असा नियम होता. नेमेसिओने तो मोडला. अंगठा पुन्हा पहिल्या भोकाकडे गेला.

 सातुर्निनो चावला. समोर दात नव्हते, हिरड्यांनीच चावला, अगदी जोरात, आणि सोडलं नाही. अंगठ्याच्या कडेने, थुंकी आणि रक्ताबरोबर शब्द बाहेर आले, आणि हे शब्द चिरक्या आवाजातले नव्हते.

"या वेळी सैल करू नकोस, गाढवा."

नेमेसिओने मान हलवली. कोंबडी डोक्यावरून घसरून दोघांच्या मध्ये लटकली. गर्दीला हे काय चाललंय ते कळत नव्हतं, किंवा कळत होतं आणि इकडे बघायचं नाही असं ठरलं होतं. सेवेरो चाबकाची गाठ सोडून पुन्हा बांधत होता. तेवढ्यात अंगणाच्या मध्यभागातून भरदार आवाज आला. "मला नेमेसिओ आंकाय्या पाहिजे!"

वास्केसची बायको होती. मुखवटा नव्हता. तिला लपण्याची गरज वाटत नसावी. रुंदीला ती तिथल्या कुठल्याही कोनाड्यात मावली नसती.

सातुर्निनो वळला. सवयीने वळला, बरगडी धरून, ससाणा नीट करत, डावा हात पुढे घेत. त्याने एक पाऊल टाकलंही. नेमेसिओने त्याला मागून पाँचोला धरून खेचलं आणि खाली बसवलं, भिंतीला टेकून, आईच्या कोनाड्याखाली. मग कोंबडी सोडून त्याच्या मांडीवर ठेवली. मग मुखवटा काढला. वारा ओल्या तोंडाला सुरीसारखा लागला. कुणीतरी "अरे" म्हणालं, आणि आणखी कुणीतरी त्याला गप्प केलं.

"आलो," नेमेसिओ म्हणाला. आवाज फाटका निघाला, पण त्याचा होता.

वास्केसच्या बायकोने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग तोंडात बोट घालून वरची कवळी काढली, झग्याला पुसली आणि खिशात ठेवली. बाई तयारीची होती. दोघांनी मिठी मारली. सेवेरो मागे सरला. पहिला ठोसा नेमेसिओला दिसलाच नाही. तो सरळ तोंडावर, कुठेही फट न राहता बसला.